फ्युजन कोणाचे? ‘इंटिग्रेशन’पासून झाडीपट्टीपर्यंत

सिंदेवाही तालुक्यातला एक तरुण आमच्या ओळखीचा आहे. बाप राईस मिलमध्ये हमाली करतो. पोरगा दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतो, एप्रिल महिना भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात घालवतो आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम करतो. मागच्या वर्षी त्याने बल्लारपूरला मित्राच्या खोलीत सहा धून रेकॉर्ड केल्या. खाली दंडारीचा ठेका, वर गिटार आणि मधून मधून कीपॅड. शब्द एकही नाही. त्याचा हा पहिला अल्बम. एका मोठ्या शहरातल्या ‘फ्युजन’ महोत्सवाला त्याने तो पाठवला. उत्तर आले की हे फ्युजन नाही, हे ऑर्केस्ट्राचे संगीत आहे. सोबत एखादा शास्त्रीय गायक किंवा तबलावादक घेता आला तर पुन्हा पाठवा. नाहीतर तुमच्या समाजाची हलगी वगैरे घेऊन ‘लोककला’ विभागात या, तिथे जागा आहे.

पोराने तो निरोप आम्हाला दाखवला आणि विचारले, “दादा, मग माझं वाजवणं कशात बसते?”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते उत्तर त्या एका पोरापुरते नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत रात्र रात्र जागून वाजवणाऱ्या आणि पोस्टरवर कधीच नाव न येणाऱ्या प्रत्येक वादकाचा हा प्रश्न आहे.

मित्रांनो, आधी ‘फ्युजन’ हा शब्दच तपासून पाहू. या देशात फ्युजन म्हटले की डोळ्यांसमोर ठरलेले चित्र येते. एका बाजूला गोरा गिटारवादक, दुसऱ्या बाजूला तबला, मृदंगम, व्हायोलिन, आणि मधे समई. जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाच्या ‘शक्ती’ या गटाचा पहिला अल्बम १९७६ साली आला. त्यात झाकीर हुसेन, एल. शंकर, विनायकराम आणि आर. राघवन होते. तेव्हापासून ते चित्र पक्के झाले. या कलावंतांच्या वादनाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. झाकीरभाईंचा तबला ऐकून ज्याच्या अंगावर काटा आला नाही त्याने संगीतावर बोलू नये. आमचे भांडण त्या वादकांशी नाही. त्या चित्राला या देशाच्या संगीताचा एकमेव दरवाजा बनवून त्यावर पहारा देणाऱ्यांशी आहे. पूर्वेचे म्हणजे फक्त शास्त्रीय, पश्चिमेचे म्हणजे फक्त परदेशी, आणि या दोघांच्या भेटीलाच फ्युजन म्हणायचे, हा नियम कोणी केला? त्यात झाडीपट्टी कुठे आहे? भीमगीत कुठे आहे? माडिया-गोंडांचा ढोल कुठे आहे?

आता आम्ही एका अशा अल्बमची गोष्ट सांगतो जी या पहारेकऱ्यांना अडचणीची आहे.

अमान्सिओ डिसिल्वा हे नाव आम्ही चंद्रपुरात ज्या ज्या संगीतवाल्याला विचारले, त्याला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही माहीत नव्हते. १९३६ साली मुंबईत गोवेकर कॅथलिक घरात जन्मलेला हा गिटारवादक. हॉटेल आणि क्लबांत वाजवत वाजवत तो घडला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा आश्रय त्याला मिळाला. १९६७ च्या सुमारास तो लंडनला गेला. तिथे १९६९ साली डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्याचा पहिला अल्बम काढला. नाव ठेवले ‘इंटिग्रेशन’. म्हणजे एकात्मता, एकजीव होणे.

या अल्बमवर वादक पाच. गिटारवर अमान्सिओ, ट्रम्पेट-फ्लुगलहॉर्नवर इयान कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. धूनांची नावे ‘जयपूर’, ‘गंगेस’, ‘महाराणी’ अशी. आता नीट लक्ष द्या. यात सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. तरी तो ऐकताना कोणीही सांगू शकतो की हा माणूस इकडचा आहे. एका पट्टीवर ठाण मांडून सूर वळवणे, तारेला ओढ देऊन स्वर घसरवणे, हे सगळे त्याने गिटारच्या सहा तारांतून काढले. आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायला त्याला शास्त्रीय घराण्याचा दाखला जोडावा लागला नाही.

म्हणजे ज्या अटीवर आमच्या सिंदेवाहीच्या पोराला नाकारले गेले, ती अट १९६९ सालीच एका मुंबईकर गिटारवाल्याने मोडून ठेवली होती. मग त्याचे नाव आपल्याला का माहीत नाही?

कारण इथल्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वादकांची नावे लिहिलीच नाहीत. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत स्वरलिपी शिकून हजारो गोवेकर मुंबईला आले. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे अमेरिकेतले काळे जॅझ वादक आले, त्यांच्याकडून या गोवेकरांनी जॅझ उचलले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. पुढे हेच लोक हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांनी शेकडो गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. पडद्यावर नाव मात्र संगीत दिग्दर्शकाचे. वाद्यमेळ बांधणाऱ्याचे नाव आले तर कोपऱ्यात ‘साहाय्यक’ म्हणून, आणि वाजवणाऱ्याचे तर नाहीच. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे पाठ झाले. ते खऱ्या संगीतशिक्षकाचे नाव आहे हे कितीजणांना ठाऊक आहे?

गोव्याच्या ख्रिश्चनांतही बामण, चारडे, सुदिर अशी जात टिकून राहिली, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे प्रत्येक गोवेकर वादक आमच्यासारखाच पिचलेला होता असा खोटा दावा आम्ही करत नाही. आमचा मुद्दा एवढाच आहे की हाताने काम करणाऱ्याचे नाव पुसायचे आणि त्यावर हक्क सांगणाऱ्याचे नाव लिहायचे, ही या समाजाची सवय आहे. ती सवय कुठून आली हे वेगळे सांगायला हवे काय?

आता बाबासाहेबांकडे येऊ. ‘फ्युजन’ या शब्दाचा खरा अर्थ आम्हाला कोणत्या संगीत समीक्षकाकडून कळला नाही, बाबासाहेबांकडून कळला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जात म्हणजे काय ते सांगितले. मूळचा सांस्कृतिकदृष्ट्या एकसंध समाज कापून त्याचे बंदिस्त तुकडे करणे आणि जातीतल्या जातीत लग्न लावून त्या तुकड्यांना एकमेकांत मिसळू न देणे, म्हणजे जात. इंग्रजीत त्यांनी मिसळण्यासाठी जे क्रियापद वापरले, त्याच धातूतून ‘फ्युजन’ हा शब्द आला आहे. म्हणजे जी फ्युजन होऊ देत नाही ती जात!

पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आमंत्रण देऊन मागे घेतलेले भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. त्यात त्यांनी साफ सांगितले की सहभोजनाने जात गेली नाही आणि जाणार नाही. एका पंगतीत बसून जेवायचे आणि हात धुऊन आपापल्या जातीत परतायचे, याने काय बदलते? रक्ताचे नाते जुळल्याशिवाय आपलेपणा येत नाही, आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांचा अधिकार मोडल्याशिवाय ते नाते जुळत नाही.

हीच फूटपट्टी संगीताला लावून पाहा. आज ज्याला फ्युजन म्हणून मिरवले जाते त्यातले बहुतांश सहभोजनच आहे. दीड तास एका मंचावर बसायचे, जुगलबंदी करायची, टाळ्या घ्यायच्या. मंचावरून उतरल्यावर कोण ‘उस्ताद-पंडित’ आणि कोण ‘साथीदार’, कोणाची ‘कला’ आणि कोणाची ‘लोककला’, कोणाला दिवाणखाना आणि कोणाला मांडव, हे सगळे जिथल्या तिथे. उतरंडीचा एक दगड हलत नाही. याला फ्युजन म्हणायचे असेल तर गावच्या सप्ताहातल्या महाप्रसादाला जातिअंत म्हणावे लागेल.

लगेच कोणी तरी म्हणेल, “कलेला जात नसते.” त्यांना आम्ही मृदंगमकडे बघायला सांगतो. ज्या वाद्यावर कर्नाटक संगीताची मैफल उभी राहते, त्याला गाय, म्हैस आणि बकरी या तिघांचे चामडे लागते. ते चामडे कमावून ताणणारे हात बहुतांश दलित ख्रिश्चनांचे. टी. एम. कृष्णा यांनी त्या कारागीर घराण्यांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. २०२० साली त्याच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने आधी सभागृह दिले आणि नंतर परवानगी काढून घेतली. वाद्य चालते, वाद्य बनवणाऱ्याची गोष्ट चालत नाही. कलेला जात नसते म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की मग त्या पुस्तकाची भीती कोणाला वाटली?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो आपल्यातल्याही काही जणांना रुचणार नाही. “तुमची हलगी घेऊन या” असे जेव्हा आमच्या पोराला सांगितले जाते, तेव्हा त्यात कौतुक आहे असे काहींना वाटते. आम्हाला त्यात गावकीचा हुकूम ऐकू येतो. आपल्या आज्या-पणज्यांनी डफडे हौसेने हाती घेतले नव्हते. मेलेली गुरे ओढणे, सांगावे पोचवणे, लग्नात नि मयतीत गावापुढे वाजवत चालणे, ही जातीने लादलेली कामे होती. १९२७ च्या महाडनंतर गावोगाव ही कामे सोडून देण्याची चळवळ झाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी याच चांद्यात, आजच्या चंद्रपुरात, धम्मदीक्षा दिली. तेव्हा आपल्या माणसांनी जुन्या देवांबरोबर जुनी हलकी कामेही टाकली. कित्येक घरांतून डफडे त्या वेळी गेले.

मग आमच्या वस्त्यांत काय आले? हार्मोनियम आली, बेंजो आला, बुलबुलतरंग आला, पुढे कीपॅड, ऑक्टोपॅड आणि गिटार आले. ही वाद्ये का आली याचा विचार केला आहे काय? कारण गिटारच्या मागे गावकीची पाळी नाही. गिटार वाजवणाऱ्याला पाटील आवाज देऊन बोलावत नाही. ते वाजवायला कोणत्या जातीत जन्मावे लागत नाही, शिकावे लागते. स्वतः बाबासाहेब उतारवयात कोणते वाद्य शिकत होते? व्हायोलिन. देशाची घटना लिहिणारा माणूस हातात गज धरून सरगम घोटत होता. त्यांना कोणी विचारण्याची हिंमत केली असती काय, की साहेब, तुमच्या समाजाचे वाद्य कुठे आहे?

म्हणून गिटार हे आमच्यासाठी ‘पाश्चात्त्यांचे अनुकरण’ नाही. आम्ही निवडलेले वाद्य आहे. आणि निवड हाच तर सगळ्या लढ्याचा गाभा आहे. चेन्नईत २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे राहिले. त्यांनी परई आणि गिटार एकाच मंचावर आणले. परई त्यांनी स्वतःच्या मर्जीने, अभिमानाने पुन्हा हाती घेतली. त्यांनाही आमचा जयभीम. कोणाला डफडे पुन्हा उचलायचे असेल त्याने ताठ मानेने उचलावे, कोणाला जॅझ वाजवायचे असेल त्याने जॅझ वाजवावे. आमच्या पोराने काय वाजवावे हे शहरातल्या महोत्सवाच्या आयोजकाने ठरवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

“पण जॅझ म्हणजे पंचतारांकित हॉटेलातले श्रीमंतांचे संगीत ना?” हा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. नाही बांधवांनो. जॅझ हे गुलामांच्या नातवंडांनी घडवलेले संगीत आहे. हॉटेलवाल्यांनी ते नंतर विकत घेतले. बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकले त्याला लागूनच हार्लेम ही काळ्यांची वस्ती. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, आणि ड्युबॉइस यांनी उत्तर दिले. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिले दलित पँथर. मग त्याच काळ्या माणसांचे संगीत तेवढे परके कसे?

इथे अमान्सिओची गोष्ट पुन्हा उपयोगी पडते. ‘इंटिग्रेशन’ आला त्याच १९६९ साली त्याने जो हॅरियट या काळ्या सॅक्सोफोनवादकाबरोबर दुसरा अल्बम केला. हॅरियट जमैकाचा, किंग्स्टनच्या अनाथ मुलांच्या शाळेत वाढलेला. अल्बमचे नाव ‘हम दोनों’. साम्राज्याच्या दोन टोकांवरून राजधानीत आलेली ही दोन माणसे. ना कोणी कोणाचा उस्ताद, ना कोणी साथीदार. आम्हाला विचाराल तर बाबासाहेब आणि ड्युबॉइस यांच्या पत्रव्यवहाराची ती वाजवलेली प्रत आहे.

त्यांचे पुढे काय झाले तेही ऐका. हॅरियट १९७३ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, हलाखीत गेला. अमान्सिओने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कोकण डान्स’ नावाचा अल्बम रेकॉर्ड केला. तो तीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला आणि २००६ साली बाहेर आला. अमान्सिओ १९९६ मध्येच गेला होता. नावात कोकण असलेला अल्बम, आणि त्याची दखल घ्यायला महाराष्ट्रात कोणी नाही!

कोणी म्हणेल की महाराणीच्या आश्रयाने वाढलेल्या माणसाचे तुम्ही काय कौतुक करता? त्याला आमचे उत्तर असे की आमचा मुद्दा नेमका हाच आहे. या देशात प्रतिभेला एकतर महाराणी भेटावी लागते, नाहीतर हॉटेल, नाहीतर लंडन. सिंदेवाहीच्या पोराला यांतले काहीच भेटणार नाही. त्याला भेटू शकतो तो फक्त त्याचा समाज. मग आपण काय करतो आहोत?

इथे आपल्यालाही आरशात बघावे लागेल. झाडीपट्टी रंगभूमी ही आपल्या भागाची शान. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाचे दिवस सुरू झाले की वडशातून नाटक मंडळ्या बाहेर पडतात, होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. पण पोस्टर बघा. लेखक आहे, निर्माता आहे, नायिका आहे, विनोदी नट आहे. मंचासमोर बसून रात्रभर वाजवणाऱ्यांचे काय? लिहिलेच तर ‘संगीत संच’! आपल्या जयंतीच्या बॅनरवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी चाळीस नावे आणि फोटो असतात. गिटारवाल्याचे नाव असते काय? मुंबईच्या स्टुडिओने गोवेकरांना जे केले ते आपण आपल्याच पोरांना करतो. शिव्या मात्र दुसऱ्यांना देतो.

आणखी एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. एटापल्ली-भामरागडच्या माडिया-गोंड बांधवांचा ढोल आणि रेला आता आपल्याही रेकॉर्डिंगमध्ये येऊ लागला आहे. फोनवर आवाज टिपून आणायचा, खाली ठेका म्हणून चिकटवायचा आणि वर आपले नाव लावायचे, हे चालणार नाही. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज जाते तेव्हा आपण विचारतो की स्थानिकांना काय मिळाले. ढोलाचा आवाज नेताना हाच प्रश्न आपल्याला लागू होत नाही काय? ढोल वाजवणारा माणूस सोबत बसला पाहिजे, त्याचे नाव छापले पाहिजे, त्याला पैसे मिळाले पाहिजेत आणि ‘हे वाजवू नका’ म्हणण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. नाहीतर आपणच नवे सवर्ण.

म्हणून फ्युजन ओळखण्याच्या आमच्या चार कसोट्या आहेत. शिकण्याची संधी कोणाला? नाव कोणाचे? पैसा कोणाला? आणि या संगीताला काय म्हणायचे हे ठरवणार कोण? या चारही ठिकाणी उतरंड मोडली असेल तर ते फ्युजन, मग त्यात दोनच वाद्ये असोत. मोडली नसेल तर ते सहभोजन, मग मंचावर पन्नास वाद्ये असोत.

यातून निघणारी कामे मोठी नाहीत. येत्या १६ ऑक्टोबरपासून सुरू करता येतील.

पहिले, चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक जयंती मंडळाने आणि ऑर्केस्ट्राने बॅनरवर वादकांची नावे वाद्यासह छापावीत. पाहुण्यांची दोन नावे कमी झाली तर आभाळ कोसळणार नाही.

दुसरे, वर्गणीतला एक हिस्सा डीजेऐवजी वाद्यांवर खर्च व्हावा. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात बुद्धविहारासाठी गिटार येते. विहारात ग्रंथालय असते, तसा आठवड्यातून दोन दिवस वाद्यवर्गही असावा, आणि त्यात मुलींना आधी प्रवेश मिळावा.

तिसरे, रेकॉर्डिंग करताना साधा लेखी करार करावा. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांचा हक्क मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी बळकट झाला. बाबासाहेबांच्या लेकरांनी कायद्याचा कागद न वाचता सही करावी, ही शरमेची गोष्ट आहे.

चौथे, गोंडवाना विद्यापीठाने झाडीपट्टी, भीमगीत आणि आदिवासी संगीतातल्या वादकांच्या मुलाखती आणि वादन नावानिशी जतन करावे, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरावी. म्हातारे ऑर्गनवादक, तबलजी एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर आपला इतिहासही जातो आहे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे परत येतो. “माझं वाजवणं कशात बसते?” बाबा रे, तुझे वाजवणे कोणत्याही खणात बसू नये यासाठीच तर तुझ्या आजोबांनी चांद्याला जाऊन दीक्षा घेतली. खण करणे, त्यांना वर-खाली लावणे आणि माणसांना त्यांत कोंबणे हे मनूचे काम. तुझ्या सहा धूनांत दंडार आहे, जयंतीची रात्र आहे, हार्लेम आहे आणि धानाच्या बांध्यावरची थंडीही आहे. महोत्सवाने तुला फ्युजन म्हटले नाही म्हणून तुझे काही अडत नाही. त्या सहा धूनांना नाव तूच दे, आणि खाली दंडारीचा ठेका धरणाऱ्याचे नावही तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिही.

येत्या जयंतीला तो अल्बम आम्ही आमच्या वस्तीत वाजवणार आहोत. डीजे बंद ठेवून.

जयभीम!